विंडोज १० ची राखण संपली. गावच्या संगणकाचे काय करायचे?

शेतकरी बंधूंनो, गावातल्या किती कामांचा धागा आज संगणकापाशी जाऊन अडकतो ते एकदा मोजून बघा. घरपट्टीचा उतारा ग्रामपंचायतीच्या संगणकावर, पीककर्जाचे खाते सोसायटीच्या संगणकावर, दुधाचे फॅट आणि बिल डेअरीच्या संगणकावर, उत्पन्नाचा दाखला सेवा केंद्राच्या संगणकावर. यातल्या जुन्या यंत्रांवर बहुधा 'विंडोज १०' ही प्रणाली असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची मोफत देखभाल थांबवली. तिच्या जागी 'विंडोज ११' घ्या, असे कंपनीचे सांगणे आहे. ही नवी प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली.

आता प्रश्न असा, की चालता संगणक बदलायचा का? दुकानदार म्हणतो, यंत्र भंगारात काढा. ऑपरेटर म्हणतो, चाललंय तोवर चालू द्या. सरपंच म्हणतात, पैसा कुठून आणायचा? तिघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेऊन, आपापल्या कामाकडे बघून निकाल करायला हवा.

देखभाल थांबली म्हणजे काय?

पहिली गोष्ट, घाबरून जाऊ नका. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडत नाही. बटण दाबले की तो सुरू होतो, पत्र टाईप होते, प्रिंटही निघते. थांबते ते एवढेच, की प्रणालीत नवी फट सापडली तर ती बुजवायला कंपनी येत नाही. उभ्या पिकाचा राखणदार निघून गेला, तर पीक त्याच दिवशी वाळत नाही. पण राखण नाही ही बातमी चोराला मात्र लवकर कळते. तसाच हा प्रकार आहे.

आणि हे काही पहिल्यांदा घडत नाही. 'विंडोज एक्सपी'ची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, 'विंडोज ७'ची १४ जानेवारी २०२० रोजी. त्यानंतर काय होते तेही आपण पाहिले आहे. आजूबाजूच्या वस्तू हळूहळू साथ सोडतात. 'विंडोज ७'वर गुगल क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ च्या सुरुवातीपासून बंद झाल्या. आपली निम्मीअधिक सरकारी कामे क्रोममध्येच उघडतात. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही काम अडते.

गावाला कोण विचारतो, हा भ्रम

आमच्या खेड्यातल्या संगणकावर कोण हल्ला करणार, असे पुष्कळांना वाटते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि सोडवणुकीसाठी तीनशे डॉलर मागितले. इंग्लंडमधली सरकारी रुग्णालये त्यात अडकली. पण त्याच यादीत केरळच्या वायनाड जिल्ह्यातली तरियोड ग्रामपंचायतही होती! विषाणू पत्ता विचारून येत नाही. फट दिसेल तिथे शिरतो.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या फटीवरचे ठिगळ कंपनीने दोन महिने आधी, म्हणजे मार्च २०१७ मध्येच दिले होते. ज्यांनी ते बसवले ते वाचले. ज्यांनी 'नंतर बघू' म्हणून बाजूला सारले ते सापडले. तेव्हा नुसती नवी प्रणाली घेऊन भागत नाही, तिची राखणही चालू ठेवावी लागते. उलट, जुन्या प्रणालीला असे ठिगळच मिळणार नसेल तर राखण करायची तरी कशाने?

तुमचे यंत्र बसते का?

'विंडोज १०' अस्सल परवान्याची असेल आणि यंत्र पात्र असेल, तर 'विंडोज ११' फुकट मिळते. अडचण पात्रतेची आहे. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही अट फारशी जड नाही. जड आहे ती प्रोसेसरची अट. साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा, अथवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ढोबळ मानाने २०१८ च्या आधीचा संगणक बाद होतो. शिवाय 'टीपीएम २.०' नावाची किल्ल्या सांभाळणारी सोय आणि 'सिक्युअर बूट'ही लागते.

इथे एक खुबी आहे. कित्येक यंत्रांत टीपीएम असते, पण बायॉसमध्ये बंद ठेवलेले असते. दुकानदाराने 'तुमचं यंत्र बसत नाही' म्हटले तर आधी विचारा, की बायॉसमध्ये बघितलं का? मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा फुकटचा प्रोग्रॅम चालवला की पात्र आहे की नाही, आणि नसेल तर कशामुळे, ते तोच सांगतो. हे पाच मिनिटांचे काम आहे. ते केल्याशिवाय कुणी नव्या खरेदीचा ठराव मांडू नये.

अपात्र यंत्रावर आडमार्गाने 'विंडोज ११' चढवून देणारे कारागीरही आहेत. त्या वाटेला जाऊ नका. अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. चोरीच्या प्रतीचेही तेच. ज्या राखणीसाठी हा सारा खटाटोप, तिचाच भरवसा नसेल तर मिळवले काय?

जुनी नाती आधी तपासा

समजा, यंत्र पात्र आहे. तरी लगेच बटण दाबू नका. संगणकाला काय काय जोडलेले आहे त्याची यादी करा. ग्रामपंचायतीत सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांच्या डिजिटल सहीचे टोकन असते. ते चालले नाही तर ई-ग्रामस्वराजवरून देयके निघणार नाहीत. सेवा केंद्रात अंगठ्याचे यंत्र असते. सोसायटीत पासबुक प्रिंटर असतो. या प्रत्येकाचा ड्रायव्हर 'विंडोज ११'साठी मिळतो का, हे ज्याने वस्तू दिली त्याला विचारून घ्या.

दूध संस्था आणि जुन्या पतसंस्थांनी तर जास्तच जपावे. काही ठिकाणी हिशेब अजून डॉसच्या जमान्यातल्या फॉक्सप्रोवर चालतो. 'विंडोज १०' ३२ बिटची असेल तर असले जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालून जात. 'विंडोज ११' फक्त ६४ बिटची आहे, तिच्यावर ते थेट चालत नाहीत. आधी हिशेब नव्या प्रोग्रॅममध्ये उतरवायचा, सभासदांच्या शिलका जुळवायच्या, मगच प्रणाली बदलायची. क्रम उलटा झाला तर दहा दिवसांचे दुधाचे बिल अडकेल आणि उत्पादक दारात येऊन उभे राहतील.

नमुना ८ आणि ९, सभासदांची खाती, ठरावांची पत्रे, फोटो, असे सगळे बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या. एक प्रत कार्यालयात, दुसरी दुसऱ्या जागी कुलपात. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फायली उघडतात का तेही बघा. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. प्रणाली चढवल्यानंतर दहा दिवसांच्या आत 'विंडोज १०'वर परत येण्याची सोय असते. त्या दहा दिवसांत टोकन, प्रिंटर, अंगठा, मराठी टंक, सगळे वापरून बघा.

वेळेचेही भान हवे. मार्चअखेर हिशेब बंद होत असताना किंवा जुलैत खरीप विम्याची गर्दी असताना संगणकाला हात लावू नये. दोन-चार दिवस यंत्र बंद राहिले तरी गावाची अडचण होणार नाही, असा काळ निवडावा.

मुदतवाढ मिळते, पण फुकट नव्हे

ज्यांचे यंत्र बसत नाही त्यांच्यासाठी कंपनीने मुदतवाढ ठेवली. घरगुती वापराच्या 'विंडोज १०'ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या आहेत. त्याची किंमत ३० डॉलर, नाहीतर मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग जोडून ठेवली तर फुकट. संस्था आणि कार्यालयांचा दर वेगळा आहे. दर यंत्राला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षे. बेरीज करा. ६१, १२२ आणि २४४ मिळून ४२७ डॉलर होतात. एवढ्या पैशात नव्या यंत्राचा बराचसा भाग सुटतो. म्हणून कार्यालयाने मुदतवाढीकडे फार तर एका वर्षाची उसंत म्हणून बघावे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे होऊ देऊ नये.

एक खरे, की कंपनीच्या अटीमुळे चालती यंत्रे मोडीत निघतात. कॅनालिस या बाजार अभ्यासणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज केला होता, की या बदलामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागतील. त्याबद्दल राग येणे साहजिक आहे. पण रागापायी सभासदांची खाती उघड्यावर ठेवता येत नाहीत.

लिनक्सची वाट आहे का? आहे. ती फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही चालते. केरळच्या सरकारी शाळांत ती वर्षानुवर्षे वापरली जाते, आणि आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, इंटरनेट यासाठी ती उत्तम. मात्र डिजिटल सही, अंगठ्याचे यंत्र किंवा विंडोजसाठीच लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम जिथे आहे, तिथे आधी चालवून बघितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

मग निकाल कसा करायचा?

आपल्या यंत्रांचे तीन वाटे करा. पहिला वाटा पात्र यंत्रांचा. त्यांनी प्रत घेऊन, जोडणी तपासून 'विंडोज ११' घ्यावी. फुकट मिळणारी राखण नाकारण्यात शहाणपण नाही. दुसरा वाटा अपात्र, पण पैशाचे आणि दाखल्यांचे काम करणाऱ्या यंत्रांचा. ही आधी बदलायची. तोवर त्यांना मुदतवाढ घ्यावी, आणि त्यांच्यावर पेन ड्राइव्ह, सिनेमे, गाणी, अनोळखी ईमेल यांना बंदी करावी. तिसरा वाटा अपात्र आणि बिनमहत्त्वाच्या कामाच्या यंत्रांचा. त्यांची इंटरनेटची वायर काढा आणि टायपिंगला वापरा, नाहीतर लिनक्स घालून शाळेला द्या. मात्र देताना हार्डडिस्कवरचा गावचा तपशील पुसल्याशिवाय देऊ नका.

नवे यंत्र घेताना एक गोष्ट विसरू नका. नव्या 'विंडोज ११'च्या यंत्रात मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. ते खाते ऑपरेटरच्या स्वतःच्या मोबाईलवर काढलेले असेल आणि उद्या तो नोकरी सोडून गेला, तर एखाद्या बिघाडाच्या दिवशी गावाचे दप्तर आत आणि किल्ली पुण्याला, अशी गत होईल. खाते कार्यालयाच्या नावाचे असावे आणि किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी.

सदस्यांनी मासिक सभेत तीन प्रश्न विचारावेत. आपल्याकडे किती यंत्रे आहेत आणि त्यातली कोणती पात्र आहेत? गेल्या महिन्यात प्रत घेतली का आणि ती उघडून बघितली का? किल्ली आणि पासवर्ड कुणाकडे आहेत? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. सोसायटीच्या सभासदांनीही वार्षिक सभेत हेच विचारावे. खाते तुमचे आहे, तेव्हा विचारण्याचा हक्कही तुमचाच आहे. आणि एवढे करूनही पैशाची फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

संगणक नवा की जुना, हा मानाचा प्रश्न नाही. ज्याच्या पोटात गावाचे दप्तर आहे, त्याची राखण कोण करतो एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुढच्या सभेआधी शोधून ठेवा.