जबानीपूर्वीचा निकाल

जबानी पुरी होण्यापूर्वी निकाल सांगणाऱ्यांविषयी मला किती चीड आहे, हे या सदराच्या नियमित वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु तो निकाल जेव्हा सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रकृतीविषयी दिला जातो, तेव्हा त्या चिडीचा संताप होतो. नांदेडला आमच्या शेजारी राहणाऱ्या, तहसील कचेरीतील एका अव्वल कारकुनांची कन्या लातूरला वसतिगृहात राहून ‘नीट’ची तयारी करते. पावसाळ्यापासून तिला उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडते, नुसत्या स्नानानेही ती थकून आडवी होते. आणि दोन्ही शहरांतल्या दवाखान्यांतून मिळालेले उत्तर एकच : ‘‘काही नाही हो काका, टेन्शन आहे. परीक्षा झाली की बरी होईल.’’

हा तर्क निराधार आहे असे मी म्हणत नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून तेथे आलेल्या मुलांवर परीक्षेचे ओझे असते, हे सर्वश्रुत आहे. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आहेत, तेव्हा प्रथम रक्त तपासले जाते तेही योग्यच. या मुलीचे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड निर्दोष निघाले, आणि तेथेच चौकशी दप्तरदाखल झाली.

परंतु वडील पडले महसुली शिस्तीतले. त्यांनी मुलीच्या आजाराची रीतसर मिसल बांधली आहे : वर फेरिस्त, पानांवर लाल शाईने क्रमांक, डावीकडे तारीख, मध्ये तक्रार, उजवीकडे शेरा; तपासण्यांचे कागद टॅगने ओवलेले, आणि मुलीचे म्हणणे शक्यतो तिच्याच शब्दांत उतरवलेले. ही मिसल मी एका संध्याकाळी आरंभापासून वाचली, आणि आयुष्यभर जमिनींच्या नोंदी केलेल्या त्या वळणदार अक्षरांत एका बापाची काळजी पानोपानी कशी साचत गेली, ते पाहून मन भरून आले. त्यातील दिवाळीची एक नोंद अशी : ‘सुटी. पुस्तके बंद. आरतीस उभी असता घाम, अंधारी. निजविल्यावर उतार.’

अभ्यास बंद, घर आपले, आईच्या हातचा फराळ. मग त्या दिवशी टेन्शन कशाचे? हा साधा प्रश्न विचारण्यासाठी ते पान उलटणे आवश्यक होते, आणि मिसल टेबलावर असूनही कोणी ते उलटले नव्हते. अखेर या आठवड्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी ते वाचले, मुलीला निजवून नाडी मोजली, मग उभे करून दहा मिनिटे मोजली. ७८ ची नाडी १२४ वर गेली. रक्तदाब मात्र उतरला नाही.

बारा ते एकोणीस वयात उभे राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडी चाळीस वा अधिक ठोक्यांनी वाढावी, रक्तदाब न कोसळावा, आणि ही पीडा तीन महिने वा अधिक टिकावी, असा एक विकार वैद्यकशास्त्रास ठाऊक आहे. तोच हा आहे, असे बाईंनी सांगितले नाही. ‘‘अजून मला नक्की माहीत नाही, आणखी कारणे तपासावी लागतील,’’ असे त्या म्हणाल्या, आणि हे ऐकून बापलेकीच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते इतक्या महिन्यांतील कोणत्याही ठाम उत्तराने उमटले नव्हते.

निदान न झालेल्यांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ साली स्वतंत्र उपक्रम आरंभिला. आपल्याकडे २०२१ च्या धोरणानुसार दुर्मीळ आजारांसाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयात केंद्र आहे. पण किनवटच्या वा औशाच्या पालकाने कोणत्या शिफारशीवर मुंबईची गाडी धरावी? नांदेडच्या विष्णुपुरीतील आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत महिन्यातून एक दिवस निरनिराळ्या विभागांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून केवळ अशाच मुलांची हकीकत सावकाश ऐकावी, अशी माझी जाहीर मागणी आहे.

आजाराचे नाव सापडेल तेव्हा सापडो. पण उभ्याने घेरी येते म्हणणाऱ्या मुलीस शिकवणीतल्या प्रार्थनेच्या वेळी बसू देण्यासाठी कोणत्याही दाखल्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मूल खरे बोलत आहे असे धरून चालणे आईबाप, शिक्षक आणि वैद्य या तिघांनाही आजपासून शक्य आहे.