सक्तीची सेवा आणि तिचा बाजारभाव

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात मजूरभरतीचा करार झाला आणि अनातोलियातील शेतकऱ्यांची मुले जर्मनीच्या खाणींत व मोटार कारखान्यांत दाखल झाली. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले गेले. पाहुण्याला रात्रपाळीत राबवण्याची ही रीत भांडवलशाहीलाच सुचू जाणे! पाहुण्यांतील लक्षावधी परत गेले नाहीत. त्यांची मुले-नातवंडे तेथेच वाढली. २७ जून २०२४ पासून तर जर्मन नागरिकत्व घेताना तुर्की नागरिकत्व सोडण्याची अटही उरलेली नाही. मात्र तुर्की नागरिकत्वाबरोबर पुरुषांच्या वाट्याला सक्तीची लष्करी सेवाही येते. पूर्वी हे बंधन टाळणाऱ्या परदेशस्थाचे नागरिकत्वच काढून घेता येत असे. ती तरतूद २००९ मध्ये गेली, बंधन राहिले.

त्यातून सुटकेची एक वाट राज्यकर्त्यांनी १९८० पासून उघडी ठेवली आहे, ती परकीय चलनाची. परदेशात किमान तीन वर्षे काम केलेल्याने ठरलेली रक्कम भरावी. २०११ मध्ये ही रक्कम दहा हजार युरो होती, २०१३ मध्ये सहा हजार, आणि जानेवारी २०१६ मध्ये एकदम एक हजार. तुर्कस्तानच्या संरक्षणाची गरज तीन वर्षांत सहापटीने घटली काय? घडले ते इतकेच, की २०१४ पासून परदेशस्थ नागरिकांना तेथूनच मतदान करता येऊ लागले, आणि नोव्हेंबर २०१५ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने शुल्ककपातीचे आश्वासन दिले. २०१८ मध्ये शुल्क पुन्हा दुप्पट झाले. मातृभूमीच्या ऋणाचा भाव असा चढतो-उतरतो, तेव्हा त्या ऋणाविषयीची भाषणे कोणी गंभीरपणे घ्यावीत?

जून २०१९ च्या कायद्याने हा सौदा मायदेशातही कायमचा केला. पैसे भरणाऱ्याला एक महिन्याचे प्रशिक्षण, न भरणाऱ्याला सहा महिन्यांची सेवा. परदेशस्थाने शुल्क भरले की त्याला बराकीचे तोंडही पाहावे लागत नाही. दूरशिक्षणाने काम भागते. वेठ चुकवायची तर पैसे मोजा, हा सरंजामी कायदा प्रजासत्ताकाच्या शिक्क्यानिशी परत आला आहे. शुल्क कारखानदाराला आणि शिकाऊ कामगाराला सारखेच, म्हणजे वस्तुतः फार वेगळे.

परदेशी स्थायिक झालेल्यांचा एवढा कळवळा कशाला, असा आक्षेप काही साथी घेतील. त्यात तथ्य आहे. अधिक अन्याय घरी राहिलेल्या गरिबावरच होतो. तथापि ज्या देशात माणूस राहतो व ज्याच्याशी त्याचे खरे नाते आहे, त्याखेरीज दुसऱ्या देशाने त्याच्यावर लष्करी बंधन लादू नये, हे तत्त्व हेगच्या राजशिष्टाचाराने १९३० मध्येच मांडले होते. ते मान्य केले तर शुल्काचे प्रयोजनच उरत नाही. म्हणूनच ते खजिन्याला परवडत नाही.

पैशाऐवजी सदसद्विवेक पुढे करणाऱ्याला मात्र सवलत नाही. बालपण जर्मनीत घालवलेल्या उस्मान मुरात उल्के याने १९९५ मध्ये भरतीचा हुकूम जाहीरपणे जाळला. त्याला पुन्हा पुन्हा शिक्षा झाल्या. अशा माणसाला नागरी मरण भोगावे लागते, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये सुनावले. तरीही पर्यायी नागरी सेवेचा हक्क तुर्कस्तानने दिलेला नाही.

जर्मन कामगार संघटनांत तुर्की वंशाचे सभासद मोठ्या संख्येने आहेत. शुल्क आणखी उतरवा, एवढीच मागणी घेऊन ते अंकाराच्या दारी गेले, तर योझगातच्या शेतमजुराच्या मुलाला बराकीत एकटे सोडून जातील.