कोडिंगच्या स्पर्धेला पहिल्या पायरीवर संगणक लागत नाही. मग आपली लेकरं मागे का?

हिवरा आश्रम (ता. मेहकर) : मागच्या आठवड्यात पारावर एका ओळखीच्या शेतकऱ्याने मोबाइल पुढे केला. "भाऊ, हे पाहा बरं, खरं हाय का?" जाहिरात होती. लेकराला आठवीपासून कोडिंग शिकवा, स्पर्धा जिंकवा, थेट मोठ्या विद्यापीठात पाठवा. फी वर्षाला 45 हजार, हप्त्याने. सोयाबीन साडेचार हजाराने धरलं तरी दहा क्विंटल झालं! त्याचं पोरगं गणितात हुशार, म्हणून तो विचारात पडला होता.

त्याला मी सांगितलं ते इथेही सांगतो. स्पर्धा खऱ्या आहेत, त्यातून प्रवेश मिळतो हेही खरं. पण त्यासाठी दहा क्विंटल सोयाबीन विकायची गरज नाही.

बारावी नसताना एमआयटीत

2016 साली मुंबईच्या मालविका जोशी या 17 वर्षांच्या मुलीची बातमी सगळ्या पेपरात आली होती. सातवीच्या सुमारास तिने शाळा सोडली आणि घरीच शिकली. तिच्याकडे ना दहावीचा दाखला, ना बारावीचा. तरी अमेरिकेतल्या एमआयटीने तिला शिष्यवृत्ती देऊन घेतलं. कारण आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे शाळकरी मुलांच्या प्रोग्रामिंगच्या जागतिक स्पर्धेत, तिने तीन पदकं मिळवली होती : दोन रौप्य, एक कांस्य. आपल्या आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं, कारण तिथे बारावी पास लागते.

आता हे दार थोडं किलकिलं झालंय. आयआयटी कानपूर आणि आयआयटी मद्रास यांनी 2025-26 पासून ऑलिम्पियाडच्या मुलांसाठी वेगळा प्रवेश सुरू केला. मद्रासला त्यासाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन वाढीव जागा आहेत, त्यातली एक मुलींसाठी राखीव. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या रँकची अट नाही, पण बारावी लागतेच. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट तर कितीतरी वर्षांपासून अशा मुलांना थेट घेते.

स्पर्धा कशी असते?

ही जागतिक स्पर्धा 1989 मध्ये बल्गेरियात सुरू झाली. भारत 2002 पासून जातो. एका देशाची चारच मुलं. दोन दिवस, रोज पाच तास, रोज तीन गणितं. गणित सोडवायचं म्हणजे ते सोडवणारा प्रोग्राम लिहायचा.

आपल्याकडची निवड आयएआरसीएस ही संगणकशास्त्रातल्या प्राध्यापकांची संस्था करते. पहिली पायरी विभागीय, मग राष्ट्रीय फेरी, मग तीसेक मुलांचं शिबिर, त्यातून चार जण. ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की विभागीय ऑलिम्पियाड ही पहिली परीक्षा लेखी असते. कागद आणि पेन. संगणक नाही, कोडिंगची भाषा नाही. नुसतं डोकं. बारावीच्या आतलं कोणतंही लेकरू बसू शकतं. पुढच्या फेरीला मात्र प्रोग्राम लिहावाच लागतो.

महाप्रसादाचं गणित

प्रश्न कसा असतो, हे आपल्याच गावच्या उदाहरणाने सांगतो. विवेकानंद जयंतीला इथे लाखो लोक पंगतीला बसतात आणि पुरी-वांग्याची भाजी ट्रॅक्टरने वाढली जाते, हे जिल्ह्याला माहीत आहे. समजा ट्रॅक्टर दोनच आहेत आणि खेपा पाच : 10, 20, 30, 40 आणि 50 मिनिटांच्या. एक खेप एकाच ट्रॅक्टरने पुरी करायची, मधे तोडायची नाही. सगळं वाढून व्हायला कमीत कमी किती वेळ लागेल?

एकूण 150 मिनिटं, म्हणून कोणी म्हणेल 75. पण सगळ्या खेपा दहाच्या पटीत आहेत, 75 जमणारच नाही. एका ट्रॅक्टरला 50 आणि 20, दुसऱ्याला 40, 30 आणि 10. म्हणजे 70 आणि 80. उत्तर 80 मिनिटं.

पाच खेपांचं बोटावर जमलं. शंभर खेपा असल्या तर? तेव्हा पद्धत शोधावी लागते, आणि ती पद्धत संगणकाला सांगणं म्हणजे प्रोग्रामिंग. ज्या घरात आठ तासाच्या लाइटीत कोणत्या वावराला आधी पाणी द्यायचं याचा रोज हिशोब चालतो, त्या घरच्या लेकराला हा विचार नवा नाही.

मग अडतं कुठे?

तीन ठिकाणी. पहिली अडचण खबरेची. नवोदय आणि स्कॉलरशिपच्या फॉर्मची तारीख आपल्याकडे गुरुजी घरी येऊन सांगतात. या परीक्षेचं नाव किती शाळांच्या फळ्यावर लागतं?

दुसरी भाषेची. विभागीय परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका इंग्रजीत आहेत. गंमत अशी, की जागतिक स्पर्धेत जपानचं, इराणचं लेकरू प्रश्न आपापल्या भाषेत वाचतं. तिथे भाषांतराची सोय आहे, पण मराठी शाळेतलं पोरगं पहिल्याच पायरीवर इंग्रजीला अडखळतं.

तिसरी सोयीची. परीक्षा केंद्रं बहुतेक मोठ्या शहरांत. बापाची एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं एसटी भाडं, हा परीक्षेच्या फीपेक्षा मोठा खर्च आहे.

म्हणून मराठी शाळेतल्या लेकरांसाठी सुरुवात 'बेब्रास'ने करावी असं मला वाटतं. लिथुआनियात 2004 ला सुरू झालेली ही विचारकोड्यांची स्पर्धा भारतात सीएसपाठशाला हा उपक्रम घेतो, आणि ती मराठीतही असते. पुढे कोडिंगच्या सरावाला कोडशेफ, कोडफोर्सेस या साइटवर हजारो गणितं फुकट आहेत. मोबाइलवर वाचता येतात, पण प्रोग्राम लिहायला संगणक बरा.

हातचं सोडू नका

एक गोष्ट उघड बोललं पाहिजे. ही लॉटरी नाही. देशभरातून शिबिरात तीसेक जातात. या भरवशावर जेईई-सीईटीचा अभ्यास सोडला, तर ना इकडचं ना तिकडचं अशी गत होईल. वावर गहाण टाकून क्लास लावायचा तर मुळीच नाही. 2020 मध्ये लहान मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला आपल्या काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या होत्या, हेही विसरू नका.

मग फायदा काय? जे लेकरू दोन वर्षं अशी गणितं सोडवेल, ते पुढे पॉलिटेक्निकला जावो, इंजिनिअरिंगला जावो की कृषी महाविद्यालयात, त्याचं डोकं तयार झालेलं असेल. नंबर लागला तर सोन्याहून पिवळं.

गावाने काय करायचं?

कितीतरी शाळांत संगणक खोली आहे, पण कुलूपबंद. रविवारी दोन तास ती उघडा. गावात इंजिनिअर झालेली, सुट्टीत घरी येणारी पोरं आहेत, त्यांना एक तास मागा. मुख्याध्यापकांनी इच्छुक लेकरांची यादी करावी. विभागीय परीक्षा बहुधा नोव्हेंबरच्या आसपास असते, त्यामुळे सोयाबीनची सोंगणी सुरू व्हायच्या आत नोंदणीची चौकशी झाली पाहिजे. आणि चार लेकरं तयार झाली, तर त्यांना केंद्रावर न्यायला एक गाडी गावाला जड नाही. देवदर्शनाला आपण वर्गणी काढून गाड्या करतोच ना?

पारावरच्या त्या शेतकऱ्याने जाहिरात पुसून टाकली. मग विचारलं, "त्या ट्रॅक्टरच्या गणिताचं उत्तर पोराला सांगू का?" मी म्हटलं, नका सांगू. त्याचं त्याला काढू द्या.