मध्यमाचें बळ

‘मध्यम’ हा शब्द आपल्या घरांतून फारसा मानाचा नाहीं. मुलगा अभ्यासांत कसा आहे, या प्रश्नास ‘मध्यम आहे’ असें उत्तर आम्हीं दिलें, कीं बापाचा चेहरा उतरत असे. कौटिल्यानें मात्र आपल्या राजमंडलांत मध्यम राजास स्वतंत्र स्थान दिलें आहे. विजिगीषु आणि त्याचा शत्रु या दोघांच्याही सीमेस ज्याचें राज्य लागून आहे आणि जो दोघांवर अनुग्रह करण्यास किंवा एकेकाचा निग्रह करण्यास समर्थ आहे, तो मध्यम. हल्लीं परराष्ट्रकारणांत ज्यांस ‘मध्यम सत्ता’ म्हणतात, तीं राष्ट्रें या व्याख्येंत नीट बसत नाहींत. कोणाचा निग्रह करण्याइतकें बळ त्यांच्यापाशीं नसतें. मग त्यांचें सामर्थ्य तें कोणतें? १९५६ सालीं कॅनडानें जें केलें, तें या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

त्या वर्षीं २६ जुलै रोजीं ईजिप्तचे अध्यक्ष नासर यांनीं सुएझ कालव्याच्या कंपनीचें राष्ट्रीयीकरण केलें. २९ ऑक्टोबरला इस्रायलनें सिनाईवर चाल केली आणि दोनच दिवसांत ब्रिटन व फ्रान्स यांचीं विमानें ईजिप्तवर बाँब टाकूं लागलीं. कॅनडाची अडचण केवढी झाली पाहा! ब्रिटनची राणी तीच कॅनडाची राणी. प्रजेंत इंग्रजी आणि फ्रेंच हे दोन मोठे वंश. आणि शेजारची अमेरिका या स्वारीवर संतापलेली. वडील आणि मामा एका बाजूस, आणि भिंतीस भिंत लागून असलेला शेजारी दुसऱ्या बाजूस, असा हा प्रसंग.

२ नोव्हेंबरच्या पहाटेस राष्ट्रसंघाच्या आमसभेंत अमेरिकेचा युद्धबंदीचा ठराव ६४ विरुद्ध ५ मतांनीं संमत झाला. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनीं मत दिलें नाहीं. ते एवढ्यावरच थांबते, तर त्यांस भित्रे म्हणण्यास आमची हरकत नव्हती. परंतु मत न देण्याचें कारण सांगावयास ते उभे राहिले. नुसती युद्धबंदी झाली, तर सारे पूर्वस्थितीस येतील आणि पुन्हा लढतील. तह ठरेपर्यंत सीमेवर राष्ट्रसंघाचें सैन्य उभें असावें, असें त्यांचें म्हणणें. ४ नोव्हेंबरला त्यांचा स्वतःचा ठराव ५७ विरुद्ध शून्य मतांनीं मान्य झाला. १९ राष्ट्रें तटस्थ राहिलीं, त्यांत ब्रिटन, फ्रान्स, इस्रायल व ईजिप्त हे चौघेही होते! लढणाऱ्यांपैकीं एकानेंही ‘नाहीं’ म्हटलें नाहीं. सैन्याची योजना सादर करण्यास सरचिटणीस हामरशोल्ड यांस ४८ तासांची मुदत मिळाली आणि सेनापतिपद कॅनडाच्याच जनरल बर्न्स यांजकडे आलें.

पुढें जें झालें, तें ऐकून वाचकांस हसूं येईल. कॅनडानें पाठवावयास काढलेल्या पलटणीचें नांव ‘क्वीन्स ओन रायफल्स’, म्हणजे खुद्द राणीची पलटण. वेष ब्रिटिश शिपायासारखा. कॅनडाच्या निशाणाच्या कोपऱ्यांत युनियन जॅक. कालपरवां ज्यांनीं बाँब टाकले, त्यांच्यांतून हे लोक ईजिप्तच्या रयतेनें निवडून कसे ओळखावे? ईजिप्तनें हरकत घेतली, आणि ती आमच्या मतें रास्त होती. पलटण कॅनडाच्या किनाऱ्यावरच थांबवावी लागली. तिच्याऐवजीं कॅनडानें रसद, दळणवळण अशा कामांचीं पथकें दिलीं. पायदळ इतरांनीं दिलें, त्यांत आपल्या हिंदी सैन्याची छत्रीधारी पलटणही होती. पुढें पिअर्सन प्रधानमंत्री असतांना, १५ फेब्रुवारी १९६५ रोजीं, कॅनडानें मेपलच्या तांबड्या पानाचें नवें निशाण उभारलें.

स्वदेशीं मात्र मातृभूमीस ऐन वेळीं पाठ दाखविली, असा ठपका पिअर्सन यांच्या सरकारावर आला. जून १९५७ च्या निवडणुकींत त्यांचा पक्ष हरला. पराभवाचीं कारणें आणखीही होतीं. त्याच वर्षीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हें सैन्य ईजिप्तच्याच हद्दींत उभें होतें; इस्रायलनें आपल्या भूमीवर त्यास येऊं दिलें नाहीं. त्यामुळें मे १९६७ मध्यें ईजिप्तनें ‘निघा’ म्हणतांच निघावें लागलें, आणि जूनमध्यें पुन्हा युद्ध पेटलें. यावरून आमचे एक स्नेही सारा खटाटोप व्यर्थ ठरवितात. आम्हांस तें पटत नाहीं. तह करण्यास दहा वर्षें मिळालीं होतीं. तीं कोणीं वापरलीं नाहींत, हा कांहीं पहारेकऱ्याचा अपराध नव्हे. जूनची लढाई सुरू झाली, तेव्हां हिंदी तुकडी अद्याप गाझांतून निघावयाची होती. परतीची वाट पाहत असलेले आपले कांहीं शिपाई तेथेंच कामास आले.