बाग विकून बागेचें शास्त्र

रत्नागिरीच्या सुशिक्षित घरांतून हल्लीं एक नवा संकल्प ऐकूं येऊं लागला आहे. दहा-बारा वर्षें पुण्यास अगर मुंबईस नोकरी केलेला मुलगा एके दिवशीं जाहीर करतो कीं, या नोकरींत आपला जीव रमत नाहीं. उरलेलें आयुष्य पर्यावरणाच्या कार्यास वाहावयाचें आहे. आणि त्याची पूर्वतयारी म्हणून विलायतेस जाऊन एक वर्षाची एम. बी. ए. ही पदवी घ्यावयाची आहे. असे वर्ग तिकडे निघालेहि आहेत. एक्झेटर विद्यापीठानें २०११ सालीं एका जागतिक वन्यजीवसंस्थेच्या सहकार्यानें 'वन प्लॅनेट' या नांवाचा वर्ग सुरू केला होता. संकल्प उदात्त आहे व त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत या पदवीच्या खर्चापायीं आजोबांनीं लावलेली हापूसची बाग विकली गेली, तेव्हां आम्हांस मौन धरवेना. सृष्टिरक्षणाचें शास्त्र शिकण्यासाठीं हातची सृष्टि विकावी, याहून मोठा विपर्यास कोणता?

ज्यांना विकावयास बाग नसते ते कर्ज काढतात, आणि मग कर्जाचा हप्ता हाच त्यांचा खरा गुरु होतो. पदवीधर परततो तो मुंबईस. 'सेबी'नें २०२१ सालीं केलेल्या नियमान्वयें, बाजारमूल्यानें पहिल्या १,००० नोंदलेल्या कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या पर्यावरणविषयक व सामाजिक वर्तनाचा अहवाल दरसाल द्यावा लागतो. नियम स्तुत्य आहे. पण अहवाल म्हटला कीं लेखनिक आलाच; आणि ज्या कारखानदारीवर अंकुश ठेवावा म्हणून आमचा तरुण घराबाहेर पडला, तिचेंच प्रशस्तिपत्र लिहिण्याचें काम त्याच्या वांट्यास येतें. तें त्यानें नाकारावें असें म्हणणें सोपें आहे; हप्ता भरणाऱ्याला तें सोपें नसतें.

प्रतिपक्षाचें एक म्हणणें मात्र वजनदार आहे, आणि तें टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. ते म्हणतात, नुसत्या निसर्गप्रेमानें खाडी स्वच्छ होत नाहीं. भांडवलाची भाषा येणाराच भांडवलदाराला निरुत्तर करूं शकतो. लोटे-परशुरामचेंच उदाहरण घ्या. तेथील रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्यानें दाभोळ खाडीच्या मासेमारीस पोंचलेल्या हानीची नोंद डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनें २०११ च्या आपल्या अहवालांत केली. सामायिक शुद्धीकरण केंद्राचा खर्च कोणी किती सोसावा, मासा गेला त्याची भरपाई कोणाच्या खात्यावर पडावी, हे प्रश्न हिशेबाचे आहेत व तेथें जमाखर्च जाणणारा मनुष्य हवाच. हें सर्व आम्हांस मान्य आहे.

पण हिशेब कशाचा मांडावयाचा, हें खाडीकांठीं राहिल्यावांचून कळत नाहीं. आमच्या कातळाच्या सड्यांची गणना दप्तरांत पोटखराबांत होते. पावसाळ्यांत त्यांवर कोणतीं फुलें येतात, गुरें कोठें चरतात, पाणी कोठें मुरून खालच्या विहिरीस लागतें, हें गांवचा गुराखी जाणतो. केवळ कागद वाचणाऱ्याला, मग तो कागद विलायती कां असेना, तेथें कारखान्यास योग्य अशी मोकळी जागाच दिसावयाची.

आणि हें कार्य पदवीवांचून अडलें आहे असेंहि नाहीं. श्री. दिलीप कुलकर्णी हे टेल्कोंतील अभियंत्याची नोकरी सोडून आले आणि दापोली तालुक्यांतील कुडावळे येथें राहून, अल्प गरजांच्या जीवनाचा विचार त्यांनीं आधीं आचरून मग 'गतिमान संतुलन' या मासिकांतून मांडला. चिपळूणची 'सह्याद्रि निसर्ग मित्र' ही संस्था १९९२ सालीं निघाली. तिनें २००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर सागरी कासवांच्या अंड्यांचें रक्षण चालविलें. पुढें पिलें समुद्रांत जातांना पाहावयास लोक येऊं लागले, गांवकऱ्यांनीं त्यांना आपल्या घरांत उतरवून घेतलें, आणि कासव जगण्यांत गांवाचाहि चार पैशांचा लाभ दिसूं लागला. व्यापारशास्त्राचा याहून उत्तम धडा कोणत्या वर्गांत मिळणार आहे?

यावरून आमचा परदेशगमनास विरोध आहे असें कोणीं समजूं नये. डॉ. गाडगीळ हे स्वतः हार्वर्डला शिकले व १९७१ सालीं स्वदेशीं परतले. ज्यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठांत गेले. आणि १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत कोंकणांतील खोती नष्ट करण्याचें विधेयक त्यांनींच मांडलें. अर्थशास्त्र न्यूयॉर्क-लंडनचें, पण तें झिजलें रत्नागिरीच्या कुळासाठीं. विद्या परदेशची असावी; तिला राबावयास शेत घरचें हवें.

खरा दोष तरुणांहून आमच्या पिढीकडे अधिक जातो. नोकरी सोडून मुलगा किनाऱ्यावर कासवें राखूं लागला तर आम्ही चार लोकांत मान खालीं घालतों. तेंच काम विलायती पदवीनंतर केलें तर पेढे वांटतों. आम्हीं प्राध्यापकांनीं तरी काय केलें? वर्षानुवर्षें टेम्सच्या वर्णनाचें रसग्रहण शिकविलें आणि काजळी नदीकडे पाठ फिरवून बसलों. मग मुलांना आपल्याच खाडीकडे येण्यासाठीं लंडनवरून वाट काढावी लागली, तर नवल काय?

म्हणून जाणाऱ्यास आमचें सांगणें इतकेंच कीं, जाण्यापूर्वीं एक संपूर्ण वर्ष येथें काढावें, प्रबंधाचा विषय येथूनच न्यावा, आणि ज्या कर्जानें परतीची वाट बंद होते तें काढूं नये. शिष्यवृत्ति मिळाली तर जावें, न मिळाल्यास थांबावें. खाडी थांबलेलीच आहे. आणि ज्या घरीं बागेचा व्यवहार अद्याप ठरावयाचा आहे, तेथील वडीलधाऱ्यांनीं विसार घेण्यापूर्वीं मुलाला एक मोहोर त्या बागेंत राखावयास लावावा. त्यानंतरहि बाग विकावीशी वाटली, तर त्याला पर्यावरणाचें कार्य करावयाचेंच नव्हतें, एवढें तरी स्वस्तांत कळेल.