रिपोर्ट बरोबर, तरी जखम चिघळते

डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे 2016 मध्ये मोठा स्फोट झाला आणि मे 2024 मध्ये पुन्हा. बातम्या मृतांच्या आकड्यापाशी थांबतात. भाजलेल्या माणसाची दुसरी लढाई मात्र त्यानंतर वॉर्डात सुरू होते. ड्रेसिंग सोडलं की कधी पट्टीवर निळसर-हिरवा डाग दिसतो आणि द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. हा ‘सुडोमोनास एरुजिनोसा’ नावाचा जिवाणू. धडधाकट माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. भाजलेली कातडी, मधुमेहीच्या पायाची जखम, कॅथेटर, व्हेंटिलेटर अशी फट सापडली की घुसतो.

पू तपासायला जातो, रिपोर्टमध्ये अँटिबायोटिकपुढे ‘सेन्सिटिव्ह’ लिहून येतं, औषध चालू होतं, जखम सुकते. आणि काही दिवसांनी पुन्हा चिघळते. नातेवाईक औषधाला बोल लावतात, डॉक्टर चुकवलेल्या डोसला. कधीकधी दोघांचंही चुकतं.

औषधाला बळी पडणारे जिवाणूही त्यातून तगू शकतात, हे जोसेफ बिगर या आयरिश डॉक्टरने 1944 मध्येच पाहिलं होतं. त्याने दुसऱ्या एका जिवाणूवर, स्टॅफिलोकॉकसवर, पेनिसिलिनचा मारा केला. मोजके जिवाणू तगले. पण त्यांची पुढची पिढी त्याच पेनिसिलिनने पुन्हा मेली. म्हणजे तगलेल्यांची जनुकं बदलली नव्हती, ते फक्त निपचित पडले होते. पेनिसिलिन घाव घालतं ते पेशीची भिंत उभी राहत असताना. कल्याण-डोंबिवलीकरांना हे वेगळं सांगायला नको: पालिकेचा हातोडा चालू बेकायदा बांधकामावर पडतो, बंद पडलेलं काम तसंच राहतं.

जनुकं तीच असली तरी वागणं एक नसतं. सुडोमोनासमध्ये हे आणखी एका रूपात दिसतं. त्याला शेपटी एकच, तीही एका टोकाला. पेशी दुभंगली की ती एकीच्याच वाट्याला येते. बासेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं की पृष्ठभागावर चिकटलेल्या पेशीची शेपटीवाली लेक पोहत निघून जाते, दुसरी तिथेच ठाण मांडून वसाहत वाढवते. घर सांभाळणारी एक, नवी जागा हुडकणारी एक!

नेहमीच्या कल्चर रिपोर्टात वाढणारे जिवाणू दिसतात, झोपलेले मोजले जात नाहीत. म्हणून नुसतं महागडं अँटिबायोटिक पुरत नाही. मेलेली कातडी वेळेवर काढणं, गरज संपताच कॅथेटर काढणं, हात धुणं, हीसुद्धा औषधंच आहेत. शिवाय हा जिवाणू बेसिनच्या निचऱ्यात बुळबुळीत थर करून राहतो. कळव्याचं रुग्णालय असो वा कल्याणचं रुक्मिणीबाई, पालिकांनी नव्या यंत्रांआधी वॉर्डातल्या बेसिनांसाठी पैसे ठेवावेत.

आणि रुग्णाला डबा घेऊन जाणाऱ्यांनी तो वॉर्डातल्या हात धुण्याच्या बेसिनमध्ये विसळू नये. उरलेलं दूध, वरण तिथे ओतलं, तर निचऱ्यातल्या जिवाणूंना आयतं खाणं मिळतं.