दोन देशांची एक छत्री

वाचकहो, पावसाळ्यात छत्री उघडताना काडी अडली, तर आपण हलकासा झटका देतो आणि काम भागते. पण तीच छत्री बारा मीटर व्यासाची, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांच्या जाळीची असेल आणि पृथ्वीपासून ७४० किलोमीटरांहून अधिक उंचीवर उघडावयाची असेल, तर? तेथे झटका देणारा हात नाही.

ही छत्री ‘निसार’ उपग्रहाची. तो घडविण्याचा करार अमेरिकेच्या नासाने व आपल्या इस्रोने २०१४ साली केला. त्यावर रडार दोन. नासाच्या रडारच्या लहरी २४ सेंटिमीटर लांबीच्या. त्या अरण्याचा पर्णभार भेदून खोडांपर्यंत जातात. इस्रोच्या रडारच्या सुमारे १० सेंटिमीटरांच्या. पिकांसारख्या हलक्या वनस्पतींचा वेध घेण्यास त्या अधिक सोयीच्या. छत्री मात्र दोघांत एकच.

रडारला ना रात्रीची अडचण, ना ढगांची. ज्या देशात पूर नेमका ढगांच्या आडूनच येतो, त्याला ह्याचे मोल निराळे सांगावयास नको. शिवाय तोच भूभाग बारा दिवसांनी पुन्हा पाहून प्रतिमा ताडल्या, की जमीन काही सेंटिमीटर सरकली वा खचली तरी उमगते. २०२३ च्या आरंभी जोशीमठची जमीन खचत असल्याची वार्ता तेथील रहिवाशांना घरांच्या भिंतींवरील भेगांनीच दिली, हे आपण विसरला नसाल. निसारची मापे जगातील कोणासही विनामूल्य मिळावयाची आहेत. मला तरी ह्या गोष्टीचे महत्त्व उपग्रहाइतकेच वाटते.

हा स्नेह नेहमीच असा नव्हता. क्रायोजेनिक इंजिनाच्या व्यवहारावरून अमेरिकेने १९९२ साली इस्रोवर निर्बंध लादले होते. निसारला ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात नेणाऱ्या अग्निबाणाचा वरचा टप्पा क्रायोजेनिकच होता, आणि तो भारतातच घडलेला होता!

उड्डाण खरे २०२४ मध्येच व्हावयाचे. परंतु मिटलेल्या अवस्थेत छत्री उन्हाने अपेक्षेपेक्षा अधिक तापेल, असे ध्यानात आले. बंगळूरुहून ती कॅलिफोर्नियास परत गेली, उष्णता परतविणारे आवरण लेवून पुन्हा आली. मग अवकाशात ९ ऑगस्टपासून नऊ मीटरांचा दांडा एकेक सांधा सोडवीत उलगडू लागला, आणि १५ ऑगस्टला छत्री उघडली.